बायकांनी वर्शिप लीड करू नये म्हणे!

आपल्या नागपुरातल्या चर्चच्या ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरून राहिलाय, की बायकांनी आराधनेत गाणं लीड करणं, वाद्य वाजवणं, संदेश देणं सगळं पवित्र शास्त्राच्या विरुद्ध आहे. मी सोडूनच दिला असता, पण तो माझ्या भाचीला तिच्याच क्वायरमधल्या एकानं पाठवला आणि पोरगी रविवारी कीबोर्ड सोडून मागच्या बाकावर जाऊन बसली. आता नाही ऐकून घेणार.

आधी सगळ्यात घाणेरडा मुद्दा, कारण तिला लागला तो हाच. पाळीच्या दिवसांत बाईनं वेदीजवळ जाऊ नये, वाद्याला हात लावू नये, जुन्या करारातलं लेवीय १५ वाचा म्हणे. वाचला. त्याच अध्यायात १६व्या वचनात वीर्यपात झालेला पुरुषही संध्याकाळपर्यंत अशुद्धच सांगितलाय, मग तबल्यावर बसणाऱ्या भावांना रविवारी सकाळी कोणी विचारतं का? आणि नव्या करारात मार्क ५ काऊन नाही वाचला? बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीतून मागून येते, येशूच्या वस्त्राला शिवते, बरी होते आणि घाबरून थरथरत पुढे येते. प्रभू विटाळ झाला म्हणत नाही, सगळ्यांसमोर तिला 'मुली' म्हणतो, शांतीनं जा म्हणतो. त्याच्या वस्त्राला तिचा हात चालला, तुमच्या कीबोर्डला चालत नाही?

मग प्रेषित पौल, ज्याची पत्रं नव्या करारात आहेत. 'स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावे', १ करिंथ १४:३४. हो, लिहिलंय तसं, १ तीमथ्य २:१२ पण आहे, आणि त्यावरून बरीच चर्चेस आजही बायकांना पाळक करत नाहीत, कॅथलिक चर्चमध्येही बाई फादर होत नाही, एवढं मान्य करावंच लागतं. पण त्याच करिंथच्या पत्रात ११:५ ला पौलच सांगतो, की प्रार्थना करताना, संदेश देताना बाईनं डोकं झाकावं. म्हणजे बाया बोलत होत्या, त्याला माहीत होतं, आणि त्यानं सांगितलं ते फक्त पदराचं. तोंडच उघडायचं नसेल तर संदेश देताना डोकं झाका कोणाला सांगितलं? हे वचन मेसेजमधून बरोब्बर गाळलंय.

शास्त्रात बाईनं गाणं लीड केल्याचं उदाहरण नाही, हे तर धडधडीत खोटं. निर्गम १५ मध्ये मोशेची बहीण मिर्याम डफ घेऊन गाते आणि सगळ्या बाया तिच्या मागे निघतात. शास्ते ५ ला दबोरेचं गीत आहे, लूक १ ला येशूची आई मरीयेचं.

आणि मेसेज म्हणतो, बायकांनी लीड करणं ही पाश्चात्य फॅशन, यूट्यूबवरून आलेली? मराठी ख्रिस्ती माणसानं असं लिहावं याचा खरंच संताप येतो. १९१९ ला रेव्हरंड ना. वा. टिळक गेले, त्यांचं येशूवरचं काव्य 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं, ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, छापायला त्यांच्या तिथल्या मुक्ती मिशनच्याच बाया होत्या. सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, जिची स्थापनाच २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात झाली, ती बायकांना पाळक म्हणून दीक्षा देते. सीएसआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियात, २०१३ ला पुष्पा ललिता बिशप झाल्या. इंग्रजी सर्व्हिसला आपण जिची गाणी गातो त्या अंध फॅनी क्रॉस्बीनं आठ हजारांवर गीतं लिहिली, आणि ती १९१५ मध्ये वारली, तेव्हा कुठलं आलं यूट्यूब!

बाईच्या आवाजानं पुरुषांचं मन विचलित होतं म्हणे. ज्याचं होतं त्यानं स्वतःसाठी प्रार्थना करावी, पोरींची गाणी बंद करू नये.

पाळकसाहेब, तुम्हीही त्या ग्रुपवर आहात, मेसेज तुम्ही वाचलाय. खासगीत मला 'ताई, तुमचं बरोबर आहे' म्हणू नका, ग्रुपवर लिहा, आणि येत्या रविवारच्या आधी लिहा.