‘भारतात नुकसानभरपाईचा कायदाच नाही’ हे साफ खोटं आहे

पावसाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही आला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत एका बाईच्या हातून तिच्याच अंगावर गरम कॉफी सांडली, तर कोर्टाने तिला 29 लाख डॉलर दिले. परदेशात सगळीकडे असंच असतं. आपल्याकडे खड्ड्यात पडून माणूस गेला तरी दमडी मिळत नाही, कारण तसा कायदाच नाही. महापालिकेवर दावा लागत नाही. आणि कोर्टात गेलात तर पैसे वकिलाच्या खिशात जातात.

मी शिवाजीनगर कोर्टात अपघाताचे दावे चालवते. हा मेसेज खरा मानून घरी बसलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून एकेक मुद्द्याचं उत्तर देते.

आधी कॉफी. घटना 1992 ची, न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्क शहरातली. 79 वर्षांच्या बाई थांबलेल्या गाडीत, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. मॅकडोनाल्ड्सच्या नियमाप्रमाणे कॉफी 82 ते 88 अंश सेल्सिअसवर ठेवलेली असायची. ती मांडीवर सांडली, कातडी पार आतपर्यंत जळाली, आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, दुसरीकडची त्वचा काढून लावावी लागली. बाईंनी कंपनीकडे 20 हजार डॉलर मागितले, कंपनीने 800 देऊ केले. खटला त्यानंतरचा. त्यात बाहेर आलं की कॉफीने भाजल्याच्या 700 हून जास्त तक्रारी कंपनीकडे आधीच्या दहा वर्षांत येऊन पडल्या होत्या. ज्युरीने, म्हणजे खटल्यासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांनी, 1994 मध्ये भरपाई 2 लाख डॉलर ठरवली आणि बाईंची स्वतःची 20 टक्के चूक धरून ती 1 लाख 60 हजारांवर आणली. त्याशिवाय कंपनीला धडा म्हणून 27 लाखांची दंडात्मक भरपाई लावली. ती न्यायाधीशांनी 4 लाख 80 हजारांपर्यंत खाली आणली आणि पुढे दोन्ही पक्षांनी आपसात मिटवलं. मेसेजमधले 29 लाख हा ज्युरीचा आकडा आहे, तो कोर्टानेच कापला. भाजलेल्या म्हातारीची तीस वर्षं चेष्टा चालू आहे, हे मला फार लागतं.

‘परदेशात सगळीकडे असंच’ हेही खरं नाही. परदेश म्हणजे एक देश नव्हे. जर्मनीच्या दिवाणी कायद्यात दंडात्मक भरपाई बसतच नाही. कॅलिफोर्नियाच्या कोर्टाचा असा एक निकाल अंमलबजावणीसाठी आला, तेव्हा जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 1992 मध्ये दंडाचा भाग नाकारला. न्यूझीलंडमध्ये तर 1974 पासून अपघातात जखमी झालेल्याला भरपाईसाठी कोर्टात जाताच येत नाही. सरकारी अपघात योजना उपचार करते आणि बुडालेल्या पगाराचे 80 टक्के देते, चूक कोणाची हे विचारत नाही. फ्रान्सने 1985 मध्ये कायदा करून पादचाऱ्याची बाजू इतकी भक्कम केली की त्याची साधी चूक दाखवून गाडीवाल्याच्या विमा कंपनीला हात झटकता येत नाहीत. मला स्वतःला आपल्या रस्त्यांसाठी अमेरिकेपेक्षा फ्रान्सची वाट जास्त जवळची वाटते.

आता मुख्य मुद्दा, कायदाच नसल्याचा. यात खऱ्याचा अंश एवढाच की टॉर्टचा, म्हणजे अपकृत्यांचा, एकच असा लिखित कायदा आपल्याकडे नाही. फ्रेडरिक पोलॉक यांनी 1886 मध्ये मसुदा तयार केला होता, तो मंजूर झाला नाही. पण न्यायालयं तेव्हाही भरपाई देत होती, आजही देतात. दिल्लीत डिसेंबर 1985 मध्ये श्रीरामच्या कारखान्यातून ओलियम वायू गळला, त्या प्रकरणात आपलं सर्वोच्च न्यायालय इंग्लंडच्याही पुढे गेलं. 1868 च्या इंग्रजी निकालात धोकादायक वस्तू बाळगणाऱ्याला काही पळवाटा होत्या. घातक उद्योगांसाठी त्या सगळ्या आपल्या न्यायालयाने बंद केल्या.

आणि रस्त्यावरच्या अपघातांसाठी तर मोटार वाहन कायदा आहे, स्वतंत्र न्यायाधिकरण आहे, हिशेबाची पद्धतही ठरलेली आहे. समजा 34 वर्षांचा रिक्षाचालक ट्रकच्या धडकेत गेला. महिन्याची कमाई 20 हजार, मागे बायको आणि दोन मुलं. वर्षाचे झाले 2 लाख 40 हजार. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात 40 टक्के धरायचे: 3 लाख 36 हजार. त्याचा स्वतःवरचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा: 2 लाख 24 हजार. वर्षाची रक्कम किती पटीने गुणायची ते वयावरून ठरतं, त्या वयाचा गुणक 16. रक्कम होते 35 लाख 84 हजार, शिवाय अंत्यविधी आणि सहवास गमावल्याची ठरावीक रक्कम वेगळी. हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 आणि 2017 च्या निकालांतून आलं आहे. दमडी मिळत नाही म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा त्या रिक्षावाल्याच्या बायकोसमोर मांडावा.

खड्ड्याचं प्रकरण अवघड आहे, ते कबूल. तिथे दुसरी गाडी नसते, म्हणून विमा कंपनी नसते. पण ‘महापालिकेवर दावा लागत नाही’ हे चूक. चांदनी चौकातला घंटाघर कोसळून माणसं मेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये दिल्ली महापालिकेलाच जबाबदार धरलं. उलट राजकोटला रस्त्याकडेचं झाड पडून एक जण गेला, त्यात 1997 मध्ये महापालिका सुटली. म्हणजे प्रत्येक दावा लागेलच असं नाही, पुरावा बघितला जातो. मुंबई उच्च न्यायालयाने तर ऑक्टोबर 2025 मध्ये स्पष्ट आदेश दिला: खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख, जखमींना इजेप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख.

मात्र मुदत पाळावी लागते. महापालिका अधिनियमाच्या कलम 487 प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा. धायरीकडच्या एक ताई वर्ष उलटल्यावर आल्या. पिशवीत फक्त मृत्यूचा दाखला आणि फिर्यादीची नक्कल. फिर्यादीत लिहिलेलं: मयताने हयगयीने व भरधाव वेगात दुचाकी चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला. खड्ड्याचा उल्लेख नाही, फोटो नाही, आणि खड्डा तर केव्हाच डांबर टाकून बुजवलेला. “काही मिळत नाही म्हणाले सगळे, म्हणून आलेच नाही,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या ग्रुपवर हाच मेसेज होता.

भरपाई कमी आणि उशिरा मिळते, ही तक्रार मात्र रास्त आहे. उपहार सिनेमागृहाच्या आगीत 1997 मध्ये 59 जण गेले. मालकांवरची अडीच कोटींची दंडात्मक भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये 25 लाखांवर आणली, हे मला आजही पटलेलं नाही. कोलकात्याच्या रुग्णालयातल्या निष्काळजीपणाच्या प्रकरणात सुमारे 6 कोटी मिळाले, पण मृत्यू 1998 चा आणि निकाल 2013 चा. यावर ओरडा, जरूर ओरडा. पण दावाच न लावून हे सुधारणार नाही.

राहिला वकिलाचा खिसा. मिळालेल्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेणं अमेरिकेत चालतं, आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी त्याला मनाई आहे. कोणी तसं मागितलं तर नाही म्हणा. बाईमाणसाला तर उत्पन्न कितीही असो, 1987 च्या कायद्याप्रमाणे सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायचा. जाताना घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्याची कागदपत्रं आणि खड्ड्याचे त्याच दिवशी काढलेले फोटो सोबत न्या, आणि फिर्यादीत खड्ड्याचा उल्लेख झाल्याशिवाय सही करू नका.