पंथ सोडून आलेल्या माणसाशी देवावर वाद घालू नका, त्याला आधी जेवायला बोलवा

बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं, आज लिहूनच टाकते. पंथाचं नाव टाकणार नाही, कारण आई आणि लहान भाऊ अजून आतच आहेत.

मी पंथ सोडला हे कळलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. आता देव मानतेस का? आणि, मोकळं वाटत असेल ना? सुरुवातीला मला या दोन्हीचं काही सुचायचंच नाही. मला डेंग्यू झाला होता, अॅडमिट करायचं म्हणले आणि फॉर्मवर नातेवाईक म्हणून कुणाचं नाव लिहू हेच कळेना. ऑफिसातल्या एका ताईनं सही केली, रात्री थांबली, सकाळी घरून पेज करून आणली. त्या ताई कट्टर देवभक्त आहेत आणि त्यांनी मला आजपर्यंत देवाबद्दल एक शब्द विचारलेला नाही.

परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव. गळ्यात माळ, दर आठवड्याची हजेरी, पंथाबाहेरच्या घरात पाणीसुद्धा प्यायचं नाही, सोयरीक पंथातच, आणि पोरीनं बारावीच्या पुढं शिकायचं का नाही हे बाप नाही, पंथाचे महाराज ठरवणार. बाहेरच्याला वाटतं एवढा जाच असताना लोक राहतात काहून? राहतात कारण तिथं माणसं असतात. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आमच्या दारात कडबा पंथातल्याच लोकांनी आणून टाकला होता, बापाचं ऑपरेशन झालं तेव्हा पैसे त्यांनीच गोळा केले, कुणी कागद लिहून घेतला नाही की व्याज मागितलं नाही. ती माया खरी होती आणि मी ती खोटी म्हणणार नाही. पण माळ काढली त्या दिवशी ती सगळी माया एका झटक्यात बंद झाली, आणि हेच सगळ्यात जास्त लागतं, की ती माझ्यासाठी नव्हती, माळेसाठी होती.

आई आता दुपारी फोन करते, बाप शेतात गेल्यावर. "काय करायलीस, जेवलीस का" एवढंच. दारात कुणी आलं की राँग नंबर म्हणून ठेवून देते.

आजी गेली तेव्हा चुलत बहिणीनं गुपचूप कळवलं म्हणून पोचले. मला अंगणाच्या बाहेर उभं केलं, पायाला हात लावू दिला नाही, दहाव्याला तर येऊच नको म्हणले. आता कायद्याचं सांगते, कारण आपल्याकडं लोकांना माहीतच नसतं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. अंत्यविधीला किंवा लग्नाला आडवं येणं, वाळीत टाकणं, व्यवहार तोडायला लावणं हा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तो फक्त जातपंचायतीपुरता नाही, एका धर्माचे, एका पंथाचे लोक पण त्यात येतात. मुंबई राज्यात १९४९ लाच असा एक कायदा झाला होता, तो सुप्रीम कोर्टानं १९६२ साली रद्द ठरवला. आपला मराठवाडा १९४९ ला हैदराबाद राज्यात, म्हणजे तो कायदा झाला तेव्हा आपल्यापर्यंत आलाच नव्हता.

मग मी तक्रार का नाही केली असं एका कार्यकर्त्यानं जरा रागातच विचारलं. कुणावर करू? मला बाहेर उभं करणारा माझा बाप होता. सांगणारे वेगळे, पण हात धरून बाहेर नेलं बापानं. कायदा पाहिजेच, पण बापाला कोर्टात उभं करून आजीचे पाय मला मिळणार नव्हते.

मी संभाजीनगरला राहते, नागसेनवनावरून जाणंयेणं असतं. १९५० साली बाबासाहेबांनी सुरू केलेलं मिलिंद कॉलेज तिथं आहे. १९३५ ला येवल्यात त्यांनी धर्म सोडणार म्हणून जाहीर केलं आणि प्रत्यक्ष धम्मदीक्षा १९५६ ला घेतली, नागपूरला, लाखो लोकांना सोबत घेऊन. त्यांची लढाई जातीची होती, ती फार मोठी, माझ्याशी तुलनाच नाही. पण मला त्यातलं एक सारखं आठवतं, की नुसतं सोडा म्हणून ते थांबले नाहीत, जायला जागा दिली, शाळा-कॉलेजं दिली, आणि सगळे मिळून गेले. आम्ही एकेकटे निघतो. रात्रीच्या एसटीनं. आम्हाला विहार नाही, भावकी नाही, लग्न ठरवायचं म्हणलं तर मुलीकडून कोण बसणार याचं उत्तर नाही.

आणि माझ्या विवेकवादी मित्रमैत्रिणींनो, तुमच्यावर माझं खरंच प्रेम आहे, पण मी पंथातली भजनं अजून म्हणते म्हणून मला अर्धवट सुटलेली म्हणू नका. ती चाल आजीनं शिकवलेली आहे. ती मी महाराजांना देऊन येणार नाही.

कुणी निघायच्या विचारात असेल तर आधी आधार, मार्कशीट, बँकेचं पासबुक स्वतःजवळ घ्या. बँकेत मोबाईल नंबर स्वतःचा लावा, कारण घरच्यांचा असला तर ओटीपी तिकडं जातो आणि ऑनलाइन स्वतःचे पैसे पण वापरता येत नाहीत. बाहेरच्या एका तरी माणसाला आधी सांगून ठेवा.

आणि मला इनबॉक्स करा. परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, कुठलेही असा, पंथ कुठलाही असो, धर्म कुठलाही असो, रविवारी मी घरीच असते, जेवायला या. कांदा-लसूण अजून चालत नसेल तर तसं सांगा, मला तो स्वयंपाक चांगला येतो.