तुरुंग लवकर बांधा, पण निविदा काढूनच

सरकारी इमारतींच्या कामांवर माझी एकतीस वर्षं गेली. म्हणून हे लिहितो आहे.

२०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत जागा होती ४,३६,२६६ जणांची आणि आत माणसं होती ५,७३,२२०. त्यातले चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावर गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही. अशा माणसाला आपण दाटीवाटीत झोपवतो. त्यामुळे जिथे नवा तुरुंग लागणार आहे तिथे तो लवकर व्हावा, या बाजूचा मी आहे.

उशीर कुठे होतो, ते मी जवळून पाहिलंय. नकाशा एकाचा, अंदाजपत्रक दुसऱ्याचं आणि काम सर्वांत कमी दर भरणाऱ्या तिसऱ्याचं. माझ्या एका कामावर स्लॅब भरल्यावर लक्षात आलं, की विजेच्या पाइपांना जागाच ठेवलेली नाही. झालं! जादा बाब, सुधारित अंदाजपत्रक, फाईल वर. मधे पाऊस लागला आणि सगळा हंगाम गेला. कचेरीची भिंत एकवेळ फोडता येते. तुरुंगातली काँक्रीटची भिंत कॅमेऱ्याच्या वायरीसाठी फोडणार कशी?

म्हणून नकाशा आणि बांधकाम एकाच कंत्राटात, ठरलेल्या रकमेत द्यावं. गोव्यात झुवारी नदीवरचा नवा पूल याच पद्धतीने झाला; तिला ईपीसी म्हणतात. चूक झाली तर बोट दाखवायला दुसरा कुणी नसतो. वरच्या मजल्याचे नकाशे चालू असताना खाली पाया घेता येतो. आणि तुरुंग म्हणजे एकाच मापाच्या खोल्या, ओळीने. त्या बाहेरच्या यार्डात काँक्रीटच्या आधीच ओतून ठेवल्या, की आपल्या चार महिन्यांच्या पावसातही काम थांबत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात तुरुंग भरून गेले तेव्हा अनेक राज्यांनी असेच मार्ग धरले. ब्रिटनने पुढे जाऊन लिव्हरपूलचा ऑल्टकोर्स तुरुंग बांधायला, भांडवल घालायला आणि चालवायलाही खासगी कंपनीला दिला; तो १९९७ मध्ये सुरू झाला. तेवढं मात्र नको. किल्ल्या सरकारच्याच हातात राहाव्यात.

आता गोव्याचं बोलू. इथे वेगळी पद्धत म्हटलं की थेट एकालाच काम, ही भीती लोकांच्या मनात बसली आहे. पणजीतल्या कला अकादमीच्या इमारतीचं नूतनीकरण निविदेविना दिलं आणि जुलै २०२३ मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. कोसळण्याचं कारण काहीही असो, निविदा नसली की संशय फिटत नाही. खरं तर चांगल्या कामासाठी निविदा टाळायची गरजही नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांप्रमाणे बांधकामाच्या निविदेतही दर्जाला ३० टक्क्यांपर्यंत वजन देता येतं.

एक गोष्ट मात्र घाईत सुटते. एकाच कंत्राटाच्या या पद्धतीत सगळी मदार सुरुवातीच्या गरजपत्रकावर, म्हणजे काय काय हवं ते लिहिलेल्या कागदावर असते. त्यात जे लिहिलं नाही, ते कंत्राटदार फुकट देणार नाही. हे गरजपत्रक एकट्या सल्लागाराने पणजीत बसून लिहू नये. कोलवाळचं कारागृह २०१५ पासून चालू आहे. आधी तिथल्या रक्षकांना विचारा, रात्री कुठला कोपरा दिसत नाही. पावसाळ्यात पाणी कुठे साचतं, ते कैद्यांना विचारा. आणि मुलाखतीसाठी, म्हणजे कैद्यांना भेटायला आलेल्या बायकांना विचारा, मूल कडेवर घेऊन त्या किती वेळ उभ्या असतात.