कटिंगमुक्त जून

माझ्या मेहुण्याच्या मते माझी गरिबी चहामुळे आहे. गिरगावातल्या आपल्या बाविसाव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभा राहून तो हे सांगतो, म्हणून पटतंही. "भावोजी, रोजच्या दोन कटिंग म्हणजे वीस रुपये. वर्षाचे ७,३०० झाले की!"

घरी येऊन हिशेब मांडला. एक कोटीच्या घरासाठी मला १,३७० वर्षं चहा सोडावा लागणार होता. म्हणजे चालुक्यांच्या राज्यातच सुरुवात करायला हवी होती. तेव्हा चहा नव्हता, पण मग सोडणं किती सोपं! "व्याज धरा ना," मेहुणा म्हणाला. तीन टक्क्यांनी धरलं. सव्वाशे वर्षं. चालुक्यांवरून थेट टिळकांपर्यंत आलो.

तरी सोडला. आणि मुहूर्त कुठला, तर जून! दादरला चिंब भिजून उतरावं आणि टपरीवरून आल्याचा वास यावा. चार वाजता ऑफिसची टोळी चहाला निघाली की मी नुसता छत्री धरायला जायचो. पहिल्या आठवड्यात "शुगर निघाली का?" अशी चौकशी झाली, दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी कारल्याचा रस आणून दिला. चहावाल्याला वाटलं, रागावलो. "साहेब, काही चुकलं का?" असं त्याने विचारलं तेव्हा अक्षरशः डोळे भरून आले.

खरी गोष्ट अशी की मेहुण्याचे आजोबा आणि माझे आजोबा एकाच बोटीने कोकणातून येऊन भाऊच्या धक्क्यावर उतरले. ते गिरगावात गेले, तिथे पागडीची खोली मिळाली. आमचे लालबागला गेले, गिरणी मिळाली. खोलीचा पुढे टॉवर झाला. (बहिणीच्या हक्कसोडपत्रावर माझ्या बायकोची सही आहे, पण तो विषय आम्ही जेवताना काढत नाही.) गिरणीत मग बाबा लागले, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यातले एक बाबा. बाबांनी जन्मात बाहेरचा चहा प्यायला नव्हता. डबा, पाण्याची बाटली, सगळं घरचं. मेहुण्याच्या हिशेबाने आज आमचा अख्खा लालबाग असायला हवा.

असो. तीस दिवसांचे ६०० साठले. हात लागू नये म्हणून ते जुन्या नोकरीच्या खात्यात टाकले होते. पगार यायचा थांबल्यावर ते खातं गुपचूप साधं झालं होतं, हे मला बँकेच्या मेसेजवरून कळलं: किमान शिल्लक नाही, ५०० रुपये दंड. त्यावर अठरा टक्के जीएसटी. एकूण ५९०. खात्यात पैसे नाहीत, म्हणून पैसे द्या!

उरलेले दहा घेऊन टपरी गाठली. चहावाल्याला इतका आनंद झाला की त्याने न विचारताच ग्लास भरला.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "एक तारखेपासून बारा झालाय."