पारोळ्याच्या ताईंना उत्तर : नफा पेशंटच्या खिशातून येतो का?

ताई, नमस्कार.

पेशंटची ने-आण करणारी गाडी कशी सुरू करावी आणि ती फायद्यात कशी चालवावी, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीन-चार वेळा वाचली. लगेच उत्तर दिलं नाही. रागाच्या भरात काही लिहिलं गेलं असतं, आणि तुमचं लिहिणं रागाने उत्तर देण्यासारखं नव्हतं. घरात आजारपण असलेल्या माणसाचं ते लिहिणं होतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंच्या सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा पारोळ्याहून जळगावला डायलिसिसला न्यावं लागतं. त्यांचे आक्षेप तीन. आजारी माणसाला दवाखान्यात नेण्यात नफा बघणंच मुळात चूक आहे, १०८ फुकट असताना लोकांना असले धंदे कशाला शिकवता. दुसरा, 'तातडीचा पेशंट घेऊ नका' हा माझा सल्ला माणुसकीला धरून नाही. आणि तिसरा, गाडी दवाखान्यात थांबली तर तासाचे वेगळे पैसे लावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर त्या विचारतात, 'डायलिसिसला चार तास लागतात ही काय पेशंटची चूक आहे का?'

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. नाही, पेशंटची चूक नाही. सुरुवातीला मी तासाला १५० रुपये लावत होतो, लेखातही तेच लिहिलं. ते वाक्य मी आज काढून टाकलं आहे. मी स्वतः ते पैसे घेणं दोन वर्षांपूर्वीच बंद केलं, मग लेखात का लिहिलं? नवीन माणसाला सोपं जावं म्हणून. ते चुकलं. थांबण्याचे पैसे घेणारा गाडीवाला त्या चार तासांत झाडाखाली झोपून राहतो, आणि धंदा नेमका तिथेच बुडतो. हे मी लेखात नीट उलगडून सांगायला हवं होतं. आता सांगतो, आकड्यांसकट.

माझी गाडी एरंडोलहून निघते. पारोळ्याला जायचं, तिथून जळगाव, परत येताना तोच रस्ता उलटा. एकूण पावणेदोनशे किलोमीटर. एसी लावून गाडी लिटरला तेरा देते, म्हणजे पेट्रोलचे १४०० रुपये. ड्रायव्हरचे ६५०. हप्ता, विमा, टायर, सर्व्हिसिंग हे सगळं दिवसावर वाटलं तर ६००. झाले २६५०. यात माझा एक रुपया नाही. तुमच्या सासऱ्यांना एकट्याला नेलं तर हा सगळा बोजा त्यांच्यावर. आठवड्यातून दोनदा, महिन्यातून आठ-नऊ वेळा. कोणत्या शेतकऱ्याच्या घराला हे झेपेल?

म्हणून एका गाडीत तीन पेशंट. एकाच रस्त्यावरचे, एकाच पाळीतले. हे सांगायला सोपं, जुळवायला मला सात महिने लागले. डायलिसिस सेंटरमध्ये पाळ्या आधीच भरलेल्या असतात. सकाळची पाळी कुणी सोडायला तयार नसतं, कारण दुपारची पाळी संपेपर्यंत रात्र होते. मी टेक्निशियनच्या हातापाया पडलो, पेशंटच्या घरी जाऊन बसलो, एका आजींच्या मुलाला शेतावर जाऊन समजावलं. शेवटी सोमवार-गुरुवार, मंगळवार-शुक्रवार, बुधवार-शनिवार अशा तीन जोड्या बसल्या. माणशी ९००. तिघांचे २७००. खर्च जेमतेम निघतो.

मग नफा कुठे आहे? तो त्या चार-साडेचार तासांत आहे, ज्यांचे पैसे मी पेशंटकडून मागत होतो. सकाळी पेशंट आत गेले की माझी गाडी जळगावात मोकळी असते. त्याच वेळेला दवाखान्यांतून डिस्चार्ज होत असतात. प्लास्टर घातलेला पाय रिक्षात मावत नाही. कुणाला सीटी स्कॅनला नेऊन परत वॉर्डात आणायचं असतं, कुणाला ड्रेसिंगला. अशा गावातल्या तीन फेऱ्या झाल्या की १२०० रुपये येतात आणि पेट्रोल दोनशेच्या आसपास जातं. त्या दिवशी हजार-साडेदहाशे उरतात. कुणी पेशंट ॲडमिट होतो आणि त्याची जागा आठवडाभर रिकामी जाते, कधी गाडी कामाला लागते. हे सगळं धरून एका गाडीमागे महिन्याला वीस-बावीस हजार हाती राहतात. हा माझा नफा, आणि तो लपवण्यासारखा आहे असं मला वाटत नाही.

तो का हवा, तेही सांगतो. आमच्याच भागात एका मंडळाने वर्गणी काढून रुग्णसेवेसाठी गाडी घेतली होती. फीत कापली, नारळ फोडला, सेवा मोफत. दीड वर्षाने ती गाडी एका गोडाऊनच्या मागे उभी होती, चारही टायर बसलेले. कुणी पैसे खाल्ले नव्हते. ड्रायव्हरचा पगार दर महिन्याला कोण देणार, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, एवढंच. लग्नाला गाडी आली नाही तर माणूस दुसरी बघतो. डायलिसिसची एक फेरी चुकली तर अंगात पाणी साठतं, फुप्फुसात चढतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. मंगळवारी आलेली गाडी शुक्रवारीही यायलाच हवी. ती यावी म्हणून तिने कमवायला हवं.

आता १०८ चं. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. प्रत्येक गाडीत डॉक्टर असतो आणि ती खरोखर मोफत आहे. अपघात, हार्ट ॲटॅक, सर्पदंश, अडलेली बाळंतीण, यासाठी ती आहे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी डायलिसिसला ने-आण करणं हे तिचं काम नाही, आणि तसं तिला जुंपूही नये. तुमच्या सासऱ्यांना घरी सोडायला ती पारोळ्याला निघाली आणि मागे महामार्गावर अपघात झाला, तर तिथल्या माणसाने कुणाकडे बघायचं? १०२ ची गाडी गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी आहे. राहिली एसटी. डायलिसिस, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या पेशंटना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. बसच्या पायऱ्या चढता येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो. माझे दोन पेशंट सकाळी एसटीने जातात आणि फक्त येताना माझ्या गाडीत बसतात. अडचण येतानाच असते.

ती काय असते हे तुम्ही घरी पाहतच असाल, पण हा धंदा करू पाहणाऱ्यांनी वाचावं म्हणून लिहितो. चार तासांत मशीन अंगातलं दोन-अडीच लिटर पाणी काढतं. माणूस उठला की बीपी खाली येतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. आमच्या गाडीत एक आबा होते, पंच्याहत्तरीचे. मे महिन्यात, जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, ते बाहेर यायचे ते ओठ कोरडे ठाक आणि पोटऱ्यांत गोळे आलेले. पाणी मागायचे. पण दिवसभराचं पाणी मोजून ठरवलेलं. अशा वेळी तांब्या पुढे करणारा ड्रायव्हर दयाळू वाटतो, पण तो पेशंटचं नुकसान करतो. आमचा ड्रायव्हर घरून थर्मासमध्ये बर्फाचे छोटे तुकडे आणायचा. एक तुकडा तोंडात, तो विरघळेपर्यंत पाळधी मागे पडायची. गाडी सुरू करून एसी दहा मिनिटं आधी लावलेला, सीट मागे कललेली, पाय वर. आबा डोळे मिटून म्हणायचे, 'आते घर लई चाल भो.'

आणि धरायचं ते दुसऱ्या हाताला. ज्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून रक्तवाहिन्या जोडलेल्या आहेत, त्या हाताला धरून कधी उठवायचं नाही, त्या हातावर पिशवी लटकवायची नाही, बाही घट्ट नको. एकदा बांभोरीच्या गिरणा पुलावर एका बाईंच्या हातावरचं ड्रेसिंग भिजायला लागलं. डायलिसिसमध्ये रक्त पातळ करणारं औषध दिलेलं असतं, त्यामुळे ते लवकर थांबत नाही. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, स्वच्छ गॉज ठेवून दोन बोटांनी नेमक्या जागेवर दाबलं, हात वर धरला आणि सेंटरला फोन लावला. पंधरा मिनिटं बोट हलवलं नाही. मग गाडी वळवून परत नेलं. हे त्याला येत होतं कारण त्याला मी चार दिवस सेंटरमध्ये नर्सच्या शेजारी उभं केलं होतं, पगार देऊन. असे चार दिवस परवडावेत यासाठीही धंद्यात पैसे उरावे लागतात.

तुमचा दुसरा आक्षेप सगळ्यात जड आहे. तातडीचा पेशंट घेऊ नका, हे मी अनुभवातून लिहिलं.

धंद्याच्या पहिल्या वर्षी रात्री दीड वाजता फोन आला. ओळखीचं घर. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, तुझी गाडी दारातच आहे, चल. मी माणुसकीच्या विचारानेच निघालो. गाडीत स्ट्रेचर होतं, ऑक्सिजनचं बी टाइप सिलिंडर होतं. मला वाटलं, आपल्याकडे सगळं आहे. त्या सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला चार लिटरने सहा तास पुरतो. पण थांबलेलं हृदय त्याने सुरू होत नाही. शॉक द्यायचं मशीन नव्हतं, इंजेक्शन देणारं कुणी नव्हतं. मागे मुलगा वडिलांचा हात धरून बसलेला आणि मी फक्त ॲक्सिलरेटर दाबत होतो. जळगाव यायच्या आधीच ते गेले. डॉक्टर असलेली गाडी आली असती तर ते वाचले असते की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. पण आम्ही तो फोन लावलाच नाही, आणि तो न लागण्याचं कारण माझी दारात उभी असलेली गाडी होती. ते मी विसरू शकत नाही.

म्हणून आता असा फोन आला की मी ठेवून देत नाही. दुसऱ्या फोनवरून आधी १०८ लावायला लावतो, लाइनवर थांबतो. त्यांची गाडी लांब असेल आणि ते स्वतः सांगत असतील की वाट बघू नका, तर माझी गाडी निघते. जवळच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंतच, तिथून पुढे नाही. लेखात मी एका ओळीत 'घेऊ नका' म्हणून मोकळा झालो, ते वाचून तुम्हाला माणुसकी दिसली नाही तर दोष माझ्या लिहिण्याचा.

गाडीवरच तिची मर्यादा लिहिलेली असावी, असं माझं मत आहे. रुग्णवाहिकांसाठी एआयएस १२५ हे मानक आहे, त्यात गाड्यांचे चार प्रकार केले आहेत. त्यातला 'बी' प्रकार म्हणजे नुसती पेशंट नेणारी गाडी, ज्याची तब्येत वाटेत अचानक बिघडेल अशी शक्यता नाही अशा माणसासाठी. माझी स्ट्रेचरची गाडी त्या प्रकारात नोंदवलेली आहे. बसून जाणाऱ्यांची गाडी पिवळ्या पाटीची, टॅक्सी परमिटची, तिला ना सायरन ना लाल दिवा. रुग्णवाहिकेला टोल माफ आहे, पेशंटच्या भाड्यावर जीएसटी नाही. या सवलतींसाठी साध्या गाडीत एक बाकडं टाकून वर दिवा लावणारे खूप आहेत, ते बंद झाले पाहिजेत.

तुम्ही लिहिलंत की एका दवाखान्याच्या गेटवर रात्री तुमच्याकडून दुप्पट भाडं घेतलं. मला त्याचं नवल वाटलं नाही, संताप आला. त्यातला मोठा वाटा गाडीवाल्यालाही मिळत नाही. फोन करून गाडी बोलावून देणाऱ्याचं कमिशन असतं. मी ते देत नाही, त्यामुळे दोन दवाखान्यांच्या आवारात माझी गाडी उभी राहू देत नाहीत. रुग्णवाहिकेचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडून ठरतात. पुढच्या वेळी गाडीत दरपत्रक कुठे लावलंय ते विचारा आणि पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला टोचते. माझं हे सगळं गणित महामार्गावरचं आहे. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावला ते बसत नाही. चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड आली की रस्ताच राहत नाही, आणि पाड्यावरून गाडीपर्यंत माणसाला बांबूच्या झोळीतून आणावं लागतं. तिथे तीन पेशंट एका पाळीत जुळवा असं सांगणं हा त्यांचा अपमान होईल. ते काम सरकारचंच आहे आणि त्याचा पैसा सरकारनेच दिला पाहिजे. माझा लेख नंदुरबारच्या डोंगरातही लागू आहे असा कुणाचा समज झाला असेल तर तो काढून टाकावा.

आता तुमच्या सासऱ्यांविषयी. वर ज्या आबांचं लिहिलं ते मागच्या महिन्यात गेले. मंगळवार-शुक्रवारच्या सकाळच्या पाळीत त्यांची मधल्या सीटवरची जागा रिकामी आहे आणि सेंटरने ती खुर्ची अजून कुणाला दिलेली नाही. तुमचे वार सोमवार-गुरुवार आहेत, म्हणजे एक वार पुढे सरकावं लागेल. ते परस्पर करू नका, किडनीच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर मी टेक्निशियनशी बोलतो. तोपर्यंत दोन गोष्टी इथेच खाली लिहून कळवा. सासऱ्यांचा फिस्टुला कोणत्या हातात आहे, आणि त्यांना दिवसाला पाणी किती सांगितलंय.