फ्री साइझ, ऑल सीझन आणि बधिर बोटं

डिसेंबरात जाळीचे ग्लोव्हज ‘ऑल सीझन’ म्हणून विकणाऱ्याला तेच ग्लोव्हज घालून पहाटे साडेपाचला निफाडहून नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत दुचाकीवर पाठवलं पाहिजे. गाडी त्यानेच चालवायची. मागे बसला तर आडोसा मिळेल, तेवढीही दया नको.

काल दुकानात विचारलं, वारा अडवणारे आहेत का? तर म्हणे, “हेच घ्या साहेब, सगळे हेच नेतात.” बोटांवर जाळी, आरपार ट्यूबलाइट दिसतेय. वर टणक प्लास्टिक, तळव्याला रबराची नक्षी, आणि मनगटाला दोन बोटं रुंदीची पट्टी. म्हणजे बाही आणि ग्लोव्ह यांच्यामधून वारा थेट कोपरापर्यंत. साइझ? “फ्री साइझ.” करंगळीचं टोक लोंबतंय आणि अंगठ्याच्या बेचक्यात शिवण रुततेय, तरी फ्री साइझ. “दोन दिवसांत सैल होतो.” अहो, ग्लोव्ह घट्ट असला की रक्त अडतं आणि आतली हवा चेपली जाते. ऊब त्या हवेतच असते. मूठ वळल्यावर बोटाच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटर जागा उरली पाहिजे. म्हणून तर एकावर एक दोन जाड जोड्या चढवल्या तरी बोटं गारच राहतात. एवढं ऐकून तो आत गेला आणि दुसरी जोडी घेऊन आला. तीच जाळी, लाल रंगात. “यावर टच स्क्रीन पण चालतो!”

आणि ते दुसरे, “ह्याला काय थंडी म्हणतात, मनालीला जा” म्हणणारे. पारा ६ वर असताना ६०च्या स्पीडने निघालात, तर उघड्या कातडीला ते शून्याच्या आसपास लागतं. त्याच स्पीडला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. बधिर बोटांना लिव्हर सापडायला एक सेकंद जास्त लागला, तर पुढच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं मागचं फळकूट किती जवळ येतं ते मनालीवाल्यांनी मोजावं.

बरं, उपाय अवघड आहेत का? आत पातळ लोकरी किंवा थर्मल ग्लोव्ह, बाहेर वारा अडवणारा, बाहीवर चार बोटं चढेल असा लांब कफवाला. अगदीच अडलं तर मधे मेडिकलमधला नायट्रिल ग्लोव्ह, एक साइझ मोठा. वारा बंद होतो, पण अर्ध्या तासात घामाने आतला थर ओलसर होतो, तेव्हा लांब जायचं असेल तर आतली सुकी जोडी खिशात हवी. आणि मुळात छाती गारठली की शरीर आधी बोटांचं रक्त कमी करतं. नुसत्या स्वेटरमधून वारा आरपार जातो. स्वेटर आत, विंडचीटर बाहेर, गळ्याला बफ, म्हणजे कापडी नळीसारखा गळपट्टा. हे न करता “ग्लोव्हज बेकार निघाले” म्हणणाऱ्यांचाही वेगळा राग आहे, पण तो पुन्हा कधी.

दिल्लीकडे थंडीत हँडलवर रेक्झिनचे मफ, म्हणजे हात आत घालायच्या पिशव्या, सर्रास दिसतात. इथे मागितले की दुकानदार सीट कव्हर दाखवतो. मिळालेच तर कडक बघून घ्या. मऊ मफ वाऱ्याने ब्रेक लिव्हरवर दाबला जातो, मागचा लाइट जळत राहतो आणि ब्रेक घासत राहतात. हात एका झटक्यात बाहेर आला पाहिजे, हे गाडी उभी असताना तपासा.

यापेक्षा आपले दूधवाले हुशार. पाच लिटरचा ऑइलचा कॅन उभा कापायचा, आरशाच्या बोल्टखाली पट्टीने कसायचा, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लच केबल अडकत नाही ना बघायचं. झाला हँडगार्ड. धातूच्या लिव्हरवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवायचा. दिसायला भयंकर. आमच्या गाडीला आता लोक दुधाचा भाव विचारतात, आणि हातमोज्यांवरचं हे प्रवचन सुरू झालं की घरचे टीव्हीचा आवाज वाढवतात. चालायचंच.

पण हीटेड ग्रिप, म्हणजे विजेवर तापणारी हँडलची मूठ, थेट बॅटरीला जोडून देणाऱ्या मेकॅनिकला माफी नाही! दोन्ही ग्रिप मिळून ३६ वॅट म्हणजे १२ व्होल्टला ३ अँपिअर. १ एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट तसाही सतत चालू, त्यात छोट्या गाडीचा बॅटरी चार्ज करणारा कॉइल आयडलला, म्हणजे गाडी उभी राहून इंजिन हळू चालताना, दमलेला. ग्रिप चालू राहिली की सकाळी बॅटरी ठार. किल्लीच्या लाइनवर रिले, म्हणजे किल्ली बंद की ग्रिप बंद करणारा स्विच, बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज, आणि उजवीकडच्या वायरला ढील, नाहीतर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागे येत नाही. डावी ग्रिप कमी तापते, कारण खालचा लोखंडी पाइप उष्णता ओढतो. उजवीखाली प्लास्टिकची नळी असते. डावीकडे आधी हीट-श्रिंकचा, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणाऱ्या प्लास्टिकच्या नळीचा, थर द्यायला पाच मिनिटं लागतात, ती कुणाकडे नसतात. आणि ग्रिपने तळवा तापतो, बोटांची पाठ गारच, म्हणजे हँडगार्ड लागतोच.

सायलेन्सरवर हात शेकायचा सल्ला देणारे तर थोरच. बधिर बोटाला चटका कळत नाही, सिंथेटिक ग्लोव्ह वितळून चिकटतो. गाडी बाजूला लावा, हात खांद्यातून गोल फिरवा, रक्त टोकापर्यंत येतं.

एवढं सगळं करून बोटांत जीव आला की पेट्रोल पंप लागतो. ग्लोव्ह काढा, आतला काढा, नायट्रिल सोला, फोन काढा, क्यूआर शोधा, ओल्या अंगठ्याने पिन चुकवा. मागचा हॉर्न मारतोय. रोख देतो म्हणावं तर पंपावरचा पोरगा हात खिशात घालून सांगतो, “सुट्टे नाहीत.”