सॉफ्टवेअर टाकायला सव्वादोनशे किलोमीटर

मागच्या मे महिन्यात मी माझ्या इलेक्ट्रिक गाडीत सॉफ्टवेअर टाकून घ्यायला अंबाजोगाईहून छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. पार्ट बदलायचा नव्हता, कुठं धडकली नव्हती, नुसतं सॉफ्टवेअर. जायला सव्वादोनशे किलोमीटर, यायला सव्वादोनशे, दोन दिवस दुकान बंद, आणि तिथं गेल्यावर एका पोरानं लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखाली लावली आणि काम सुरू केलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. आता गेल्या महिनाभरात ओळखीतल्या तिघांनी विचारलं की भाऊ इलेक्ट्रिक घेऊ का, म्हणून आज सगळं एकदाच लिहून काढतो.

माझी गाडी २०२४ ची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण एका कंपनीशी नाही. गाडी चांगली आहे, घरी चार्ज होते, पेट्रोलचा खर्च गेला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. अडचण अशी आली की फास्ट चार्जरला लावली की सुरुवातीला मस्त चार्जिंग घ्यायची आणि दहा-बारा मिनिटांनी आपोआप बंद पडायची. परत गन काढा, परत लावा, परत ॲपमधून सुरू करा. एका चार्जरवर झालं तर चार्जर खराब म्हणता येतं, पण बीडला, लातूरला, गेवराईच्या रोडला, तिन्हीकडं तेच. मग सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथला ॲडव्हायझर म्हणाला, "सर, नवीन व्हर्जन आलंय त्याचं, गाडी आणावी लागंल."

मी म्हणालो, अहो गाडी घेताना तुम्हीच सांगितलं की हिला ओटीए म्हणजे ओव्हर-द-एअर आहे, मोबाईलसारखं नेटवरून घरबसल्या अपडेट होतं, गाडी कुठं न्यायची गरज नाही.

"सर, ते स्क्रीनचं. चार्जिंगचं अपडेट वर्कशॉपलाच होतं."

हे एक वाक्य नीट समजून घ्या, कारण जाहिरातीत ते कुणी सांगत नाही. गाडीत काही एकच कॉम्प्युटर नसतो. समोरची स्क्रीन वेगळी, बॅटरी सांभाळणारा बीएमएस वेगळा, मोटरचा कंट्रोलर वेगळा, चार्जिंगचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, आणि प्रत्येकात आपापलं सॉफ्टवेअर. स्क्रीनला नेटवरून अपडेट पाठवणं सोपं आहे, बिघडलंच तर गाणी बंद पडतील, नकाशा दिसणार नाही, गाडी चालत राहील. पण बॅटरीच्या, मोटरच्या, ब्रेकच्या सॉफ्टवेअरला हात लावायचा तर तशी तयारी गाडी डिझाईन करतानाच करावी लागते. आणि ब्रोशरवर दोन्ही प्रकारांना शब्द एकच, 'ओटीए अपडेट्स'. गिऱ्हाइकाला वाटतं सगळीच गाडी आली त्यात.

आता गंमत नाही, खरंच त्रास काय झाला ते बघा. फास्ट चार्जिंग नीट होत नाही म्हणून गाडी न्यायची, आणि नेण्यासाठी वाटेत फास्ट चार्जिंगच लागणार. मे महिना, ऊन ४२ च्या पुढं. रात्रभर घरी फुल चार्ज केली आणि पहाटे पाचला आई, बायको आणि मी निघालो. आई कामून तर बहीण संभाजीनगरातच गारखेड्याला राहते, तेवढ्यात लेकीची भेट होईल म्हणून. केज, नेकनूर, मांजरसुंबा, बीड, सगळा रस्ता ७०-७५ च्या वर काटा जाऊ दिला नाही. गेवराई सोडल्यावर ऊन चढलं तसा एसी कमी केला. आई मागं पदरानं वारा घ्यायली होती आणि एका शब्दानं काही बोलली नाही, ते मला जास्त लागलं. वर्कशॉपच्या गेटात शिरलो तेव्हा ११ टक्के बाकी होते.

तिथल्या पोराबद्दल मात्र चांगलंच लिहीन. पंचवीस-सव्वीसचा असेल, आयटीआय केलेला. त्यानं आधी बोनेट उघडून छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीला चार्जरचे चिमटे लावले. मी विचारलं हे कशाला, गाडीत एवढी मोठी बॅटरी असताना. तर म्हणाला, "काका, अपडेट चालू असताना गाडी मोठ्या बॅटरीचं कनेक्शन आतून तोडून टाकते. सगळा खेळ ह्या छोटीवर असतो. ही मधीच उतरली तर कंट्रोलर अर्धवट लिहिलेला राहतो, मग गाडी चालूच होत नाही." मग म्हणाला दार उघडू नका, आत बसू नका, चावी लांब ठेवा. काचेतून लॅपटॉपवरची पट्टी बघत उभा राहिलो. ६३ टक्क्यांवर लाईट गेली.

लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहिला पण चिमट्याचा चार्जर बंद. ते पोरगं पळत जाऊन दुसरी भरलेली बॅटरी आणून जोडेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. झालं अपडेट व्यवस्थित. पण तेव्हा कळलं की हे काम हातानं करणारा माणूस नीट असेल तरच नीट होतं. जॉब कार्डवर काय लिहिलं होतं माहिती का? 'सॉफ्टवेअर अपडेट केले.' बस. जुनं व्हर्जन कोणतं, नवीन कोणतं, कुठल्या कंट्रोलरचं, काय बदललं, काही नाही.

आणि ते न लिहिल्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी परत निघाल्यावर पहिल्याच उतारावर कळला. मी रीजन नेहमी सगळ्यात जास्तवर ठेवतो, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी स्वतः आवळते आणि बॅटरीत थोडा चार्ज परत जातो. दोन वर्षांत पायाला तीच सवय झालेली. उतारावर पुढं उसाची ट्रॉली, मी पाय उचलला, आणि गाडी आवळलीच नाही, सरळ घरंगळत पुढं. ब्रेक दाबला, लागला, काही झालं नाही. पण आईनं पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि बायकोच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. खाली गाडी बाजूला घेऊन बघितलं तर अपडेटमध्ये सगळ्या सेटिंग कंपनीच्या मूळ जागी गेल्या होत्या, रीजन सगळ्यात कमीवर. एक ओळ. "काका, रीजन परत लावून घ्या" एवढी एक ओळ त्या कार्डावर लिहिली असती तर काय गेलं असतं?

आता दुसरी बाजू. माझ्या आतेभावाची गाडी दुसऱ्या कंपनीची, तो लातूरला राहतो, त्याच्या गाडीला बऱ्याच कंट्रोलरची अपडेट घरीच येतात. रात्री स्क्रीनवर मेसेज येतो, इतका वेळ गाडी वापरता येणार नाही, आत्ता करू की नंतर. झोपायच्या आधी 'आत्ता' दाबतो, सकाळी झालेलं असतं, आणि काय बदललं त्याची यादी स्क्रीनवर. एकदा त्याचं फेल झालं. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, नेटवर्क येत-जात होतं. तरी सकाळी गाडी जुन्याच व्हर्जनवर नीट चालू झाली. कारण नीट बनवलेल्या ओटीएमध्ये कंट्रोलरच्या मेमरीत दोन जागा ठेवतात, नवीन सॉफ्टवेअर दुसऱ्या जागेत उतरतं, तपासलं जातं, आणि सगळं बरोबर असेल तरच गाडी तिकडं सरकते. आपण नाही का नवीन बोअरला पाणी लागल्याशिवाय जुनी विहीर बुजवत, तसंच.

ह्या गोष्टीची ताकद किती आहे त्याचं एक उदाहरण सांगतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स ह्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेनं टेस्लाची मॉडेल ३ तपासली, ताशी ६० मैलांवरून थांबायला तिला १५२ फूट लागले, म्हणजे जास्तच. टेस्लानं काही दिवसांत नेटवरून ब्रेकचं सॉफ्टवेअर बदललं आणि तीच गाडी १३३ फुटांत थांबली. १९ फूट म्हणजे एका गाडीपेक्षा जास्त लांबी. आणि एकही मालक वर्कशॉपला गेला नाही.

पण मी ओटीएचा आंधळा भक्त नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये रिव्हियन ह्या अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीनं चुकीचं सॉफ्टवेअर पाठवलं आणि काही लोकांच्या स्क्रीन बंद पडल्या, गाड्या चालत होत्या एवढंच नशीब. आणि २०२४ मध्ये ह्युंदाईनं भारतात आयोनिक ५ मॉडेलच्या १,७४४ गाड्या परत बोलावल्या, त्यात १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणाऱ्या युनिटमध्ये दोष होता, असल्या दोषात युनिट तपासावं लागतं आणि लागलं तर बदलावं लागतं. ते काम हवेतून कसं होणार? तिथं गाडी न्यावीच लागणार आणि मी नेईन.

वर्कशॉपमधलं अपडेट म्हणजे वाईटच असंही नाही. २०२२ च्या जुलैमध्ये टाटानं नेक्सॉन ईव्ही प्राईम आणली तेव्हा जुन्या नेक्सॉन ईव्ही वाल्यांनाही क्रूझ कंट्रोल, रीजनच्या लेव्हल, टायरच्या हवेची सूचना हे सगळं सर्व्हिस सेंटरला सॉफ्टवेअर टाकून दिलं, २२ हजारांवर मालक होते तेव्हा. दोन वर्षं जुन्या गाडीला नवीन गोष्टी मिळाल्या, लोक खुशीनं गेले. पुण्यात राहणाऱ्याला सर्व्हिस सेंटर घरापासून सात-आठ किलोमीटर, सकाळी गाडी सोडायची, संध्याकाळी घ्यायची. त्याला हा विषय कळणारच नाही. मराठवाड्यात काही कंपन्यांचं ईव्हीचं ट्रेनिंग झालेलं माणूस संभाजीनगरशिवाय कुठं नाही. उदगीर, किनवट, परळी, सेनगाव इथल्या माणसानं काय करायचं? पेट्रोल गाडी असती तर गावातला मेस्त्री निम्मी कामं करतो. हिच्यात त्याच्याकडं ना ते सॉफ्टवेअर, ना परवानगी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी मनापासून लिहायलोय. जे काम नुसत्या सॉफ्टवेअरचं आहे त्यासाठी गाडी मालकाच्या दारातून हलता कामा नये. कंपनीवाल्यांनो, तुमच्या गाडीत सिम आहे, त्याच सिमवरून गाडी कुठं उभी आहे, किती चार्ज आहे ते तुम्हाला चोवीस तास कळतं. माहिती न्यायला ते नेटवर्क चालतं, मग दुरुस्ती पाठवायला कसं चालत नाही? आणि जोपर्यंत गाडीत तशी सोय नाही तोपर्यंत लॅपटॉप घेऊन माणूस जिल्ह्याला पाठवा. महिन्यातून एक दिवस बीड, एक दिवस नांदेड, एक दिवस परभणी. दहा गाड्या एका दिवसात होतील.

आमचे अण्णा मात्र ओटीएला राजी नाहीत. त्यांचं म्हणणं, "रात्रीतून आपल्याला न विचारता कुणी वाड्यात येऊन बैलाचं दावं बदलून गेलं तर तू खपवून घेशील का?" त्यांचं खरं आहे. म्हणून विचारून करा, काय बदललं ते सांगा, आणि मराठीत सांगा. संयुक्त राष्ट्रांचा आर १५६ म्हणून नियम आहे, युरोपात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाला. त्यात हेच लिहिलंय की मालकाला अपडेटची माहिती द्यायची, पुरेशी पॉवर असेल तरच करायचं, आणि फेल झालं तर गाडी जुन्या व्हर्जनवर किंवा सुरक्षित स्थितीत आली पाहिजे. तिथल्या माणसाला जे मिळतं ते आपल्याला मागायला लाज कसली? २०२४ मध्ये स्कूटरवाली एथर आणि टोयोटा किर्लोस्कर दोघांनी संभाजीनगरजवळच्या बिडकीनला कारखाने काढायचं जाहीर केलं, आपल्याच जमिनीवर इलेक्ट्रिक गाड्या तयार होणार, त्याचा मला आनंदच आहे. मग त्या गाड्या घेणारा मराठवाड्यातला माणूस पण हिशेबात धरा.

तर ते तिघं ज्यांनी विचारलं, त्यांना मी सांगितलं की शोरूममध्ये "ओटीए आहे का" असं विचारूच नका, सगळे हो म्हणतात. विचारा की बीएमएस, चार्जिंग आणि मोटर, ह्या तिघांची अपडेट घरी होतात का, आणि उत्तर मेलवर लेखी मागा. एकाला तीन आठवडे झाले, अजून मेल आला नाही. दुसऱ्याला स्पष्ट 'नाही' आलं, त्यानं तरी गाडी घेतली कारण त्याचं घर सर्व्हिस सेंटरपासून चार किलोमीटरवर आहे, आणि त्याचा निर्णय बरोबर आहे.

माझ्या गाडीचं फास्ट चार्जिंग त्या दिवसापासून एकदाही तुटलं नाही, हे पण लिहायला पाहिजे. काम पक्कं झालं. पण मागच्या आठवड्यात परत फोन आला, बीएमएसचं नवीन व्हर्जन आलंय, वीस मिनिटांचं काम आहे, गाडी घेऊन या. या वेळी वही घेऊन चाललोय. आधीचं व्हर्जन, नंतरचं व्हर्जन, कोणत्या सेटिंग बदलल्या, सगळं लिहून खाली त्यांची सही घेणार. मंगळवारी पहाटे पाचला निघतोय, या वेळी एकटाच आहे. केज, नेकनूर, बीडहून कुणाला संभाजीनगरला दवाखान्याला, कोर्टाला जायचं असेल तर सोमवारी रात्रीपर्यंत फोन करा, तीन सीट रिकाम्या आहेत.